चार कान

साळूऽऽ.

बाबांची हाक अशी यायची. पहिलं अक्षर कागदाच्या गठ्ठ्यासारखं खाली ठेवलेलं, जड. आणि दुसरं त्याच्यावरून सरकत सरकत घरभर पसरलेलं. घर ते केवढं! दोन खोल्या, एक गॅलरी, बाहेर जिना. पण हाक अशी द्यायचे की जणू आम्ही दोघी नदीपलीकडे खेळतोय. आम्ही दोघी आणि हाक एकच. शाळेत वेगवेगळी नावं होती, पण ती हजेरीपुरती. घरात दोघीही साळू. जी जवळ असेल तिनं यायचं, हा बाबांचा नियम. "दोन दोन नावं घेऊन घसा कोण सुकवणार? मला काय दोन तोंडं आहेत?" असं म्हणायचे, आणि पुस्तकं शिवता शिवता स्वतःच जुळवलेली ओवी गुणगुणायचे:

एका देठावरी बाई, डुले जोडपान
साळूला मारिता हाक, टवकारती चार कान.

चार कान. हा आकडा चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे जगात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. कान तीनच होते.

आज सकाळी ही हाक आठवायचं काही कारण नव्हतं. सकाळ रोजच्यासारखीच होती. मी कान तपासते. डॉक्टर नाही मी. डॉक्टर कानात बघतात, मी कानाला विचारते. माझी एक बंद खोली आहे, भिंतींना आतून जाड अस्तर, दार शीतकपाटासारखं फसकन बसणारं, आणि मधे दुहेरी काच. माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी बाहेर यंत्रापाशी. आवाज ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, की माझ्यापुढं हिरवा दिवा लागतो. "अगदी बारीक असला, असल्यासारखा नुसता वाटला, तरी दाबा," हे वाक्य मी सव्वीस वर्षं म्हणतेय. झोपेतसुद्धा म्हणत असेन. सकाळी पहिले एक आजोबा होते, सोबत आजी. आजी म्हणाल्या, "यांना बाकी जगाचं सगळं ऐकू येतं हो बाई. फक्त माझं येत नाही. त्याचं काही मशीन असलं तर बघा." आजोबा हेडफोन काढत म्हणाले, "पन्नास वर्षं ऐकलं. आता कोटा संपला." मी हसले. ते गेले, आणि काउंटरवरच्या बाईंनी दारातून पुढची फाइल आत सरकवली. त्याही हसत होत्या. "मॅडम, तुमचाच वाढदिवस घेऊन कुणीतरी आलंय. दिवस, महिना, वर्ष, सगळं तेच. आणि खरं सांगू? तोंडही तुमचंच आणलंय."

एवढंच झालं. एक तारीख, माझ्याच सवयीच्या अक्षरांसारखी, दुसऱ्या कुणाच्या फाइलवर. माझे हात यंत्राच्या बटणांवर होते तिथंच राहिले. मला वाटलं मी उठले आहे आणि दारापाशी गेले आहे, पण मी उठले नव्हते. अशा वेळी माणसाला मोठमोठ्या गोष्टी आठवत असतील. मला आठवला खळीचा वास. बाबांच्या खळीच्या डब्यावर सकाळी एक पातळ साय धरलेली असायची, आणि ती बोटानं कुणी मोडायची यावरून आमची भांडणं व्हायची.

ती दारात उभी राहिली. एकोणीस वर्षांनी. आई गेली तेव्हा शेवटची दिसली होती. आईच्या पलंगाच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला मी. तेव्हा मी बाबांबद्दल काहीतरी बोलले, काय ते मला धड आठवतही नाही, आणि ती उठून गेली. आईला पोचवायलाही थांबली नाही. पत्र नाही, फोन नाही. मी माझ्या मनाची समजूत घालत राहिले की दुःखात माणसं असं वागतात. आता ती आत आली, आणि माझाच चेहरा कुणी वर्षानुवर्षं उन्हात ठेवावा तसा तिचा चेहरा होता. ती रोपवाटिकेत काम करते. नखांच्या कडेला माती, केस पांढरे आणि आखूड कापलेले. मी माझे रंगवते. एकाच ताग्याचं कापड, एक कपाटात राहिलं, एक दोरीवर.

"ये," मी म्हटलं. उठून तिच्याजवळ गेले. काय करायचं असतं, मिठी मारायची की खांद्याला हात लावायचा, ते न कळून नुसती शेजारी उभी राहिले.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून डावीकडेच उभी राहतेस."

खरंच मी तिच्या डाव्या हाताला उभी होते. शरीराला काही गोष्टी विसरायला सांगितलेल्याच नसतात. आठ वर्षांच्या असताना आम्हाला दोघींना गालगुंड झालं, एकाच आठवड्यात. दोघींची तोंडं भोपळ्यासारखी. मी बरी झाले. तीही बरी झाली, असं सगळ्यांना वाटलं. मग एका दुपारी गॅलरीत ती म्हणाली, "ए, माझा हा कान भिंत झालाय." मला गंमत वाटली. मी बाबांचं मनगटी घड्याळ आणलं, तिच्या उजव्या कानाला लावलं. "वाजतंय?" "वाजतंय." डाव्या कानाला लावलं. ती वाट बघत राहिली. तिचे डोळे अजून माझ्यासमोर आहेत. कुणीतरी येणार आहे म्हणून रस्त्याकडे लागावेत तसे लागलेले. "वाजतंय?" "तू लावलंस का?" ती म्हणाली. मी माझ्या आयुष्यातली पहिली कानतपासणी केली ती ही. त्या दिवसापासून मी तिच्या डावीकडे चालायला लागले, डावीकडे बसायला लागले. बाई डावीकडून काही बोलल्या की मी कोपर मारायची. डावीकडचं जग माझ्याकडे होतं. उजवीकडचं तिचं ती बघायची. आणि हे कुणाला सांगायचं नव्हतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीला कमी ऐकू येतं म्हणून दूरच्या शाळेत पाठवलं होतं, तिथंच राहायचं, सुट्टीतच घरी. ती गेली त्या दिवशी तिची धाकटी बहीण दिवसभर बाकाखाली बसून होती. आम्ही ते बघितलं होतं. करंगळीत करंगळी अडकवून आम्ही शपथ घेतली. मरेपर्यंत नाही.

आणि पुढच्याच वर्षी शाळेत तपासणी आली. पेटीसारखं यंत्र, काळे हेडफोन, एक जाड नर्सबाई. ग्रंथालयाच्या खोलीत एकेकीला आत घ्यायच्या. आमच्या केसांना बाबांनी पुस्तकबांधणीच्या कापडाच्या पट्ट्या शिवून दिल्या होत्या, तिची मरून, माझी निळी. शिक्षकांना ओळखायला तेवढीच खूण. मी निळी पट्टी लावून आत गेले. आवाज आला की हात वर. बाहेर आले, दाराआड पट्ट्या बदलल्या, आणि मरून पट्टी लावून परत गेले. नर्सबाई म्हणाल्या, "आत्ताच आली होतीस ना गं तू?" "ती माझी बहीण." "अगं बाई! देवानं साचा एकच आणला होता वाटतं." त्या हसल्या, मी हसले, आणि दोन्ही कानांना दोन्ही हात वर केले. कार्डावर त्यांनी लिहिलं, दोन्ही कान उत्तम. घरी बाबांनी ती दोन कार्डं शेजारी शेजारी भिंतीला चिकटवली. "बघा, चार कान!" म्हणाले. ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. त्या दिवसाइतकी मी कधीच कुणाला आवडले नाही.

"बसतेस?" मी आता तिच्या उजवीकडून विचारलं.

ती बसली. पर्समधून एक पातळ पाकीट काढलं. "उजवा पण जायला लागलाय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात वर्ष, फार तर दोन वर्षं. रोपांचं बरं असतं, त्यांना काही विचारावं लागत नाही. पण गिऱ्हाईक विचारतं गुलाब, मी देते गवती चहा. परवा एक बाई म्हणाली, तुम्हाला ऐकू येत नाही का? मी म्हटलं, येतं, पण तुम्ही गवती चहाच न्या, तुमच्या चेहऱ्याला शोभतो." ती हसली. मीही. क्षणभर आम्ही दोघी एकच हसू हसलो आणि दोघींनाही ते कळलं, आणि दोघी एकदम थांबलो.

"तपासणी तर कुठंही होते," ती म्हणाली. "आमच्या तिथं दोन मशीनं आहेत. मी तुझ्याकडे आले." पाकिटातून तिनं ते कार्ड काढलं. भिंतीच्या चुन्याचे पोपडे अजून त्याच्या पाठीला होते. "मावशीला मी एकदा सांगितलं होतं. पंधराची असेन. म्हटलं, मावशी, बाबा गेले त्या दिवशी मला ऐकूच आलं नाही, माझा हा कान लहानपणापासून बंद आहे. तिनं माझ्या ट्रंकेतून हे काढलं. इथं तर दोन्ही उत्तम लिहिलंय, म्हणाली. वाईट वागलीस ते वागलीस, वर खोटं कशाला बोलतेस?" ती कार्ड उलटं सुलटं करत होती. "मग मीही विचार करायला लागले. आपण कितीदा पट्ट्या बदलायचो. कधी गंमत म्हणून, कधी मार चुकवायला. तपासणीच्या दिवशी तू गेली होतीस दोन्ही वेळा, असं मला वाटतं. पण वाटतं. कधी वाटतं मीच गेले होते, मलाच ऐकू आलं होतं, आणि कान नंतर गेला. बाबांच्या नंतर. लाजेनं." मग तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "या कार्डावर कुणाचे कान आहेत?"

साधा प्रश्न होता. उत्तर दोन शब्दांचं. मी म्हटलं, "आधी तपासणी करून घेऊ या."

माझं तोंड असं स्वतःच्या मर्जीनं बोलतं. बाबा गेले त्या दिवशीही ते असंच बोललं होतं. तेरा वर्षांचं तोंड ते. सुट्टीचे दिवस होते, आई टेलिफोन एक्सचेंजात कामावर, दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देणारी. बाबा आतल्या खोलीत काम करत होते. एक जाड कादंबरी बांधायला आली होती, सुटे फर्मे, म्हणजे सोळा सोळा पानांच्या घड्या, आणि त्या वाचायला आम्हाला सक्त मनाई होती, क्रम बिघडतो म्हणून. मी रोज एक घडी चोरून वाचत होते. त्या दिवशी बाबांनी मला दोऱ्याचं रीळ आणायला पाठवलं. ती बाहेरच्या खोलीत झोपली होती, उजव्या कुशीवर. ती नेहमी अशीच झोपायची, चांगला कान उशीत दाबून. "तुम्ही नुसते डोळे मिटता," म्हणायची, "मी कानही मिटते." मी झग्याच्या आत फर्मा खोचून खाली गेले, दोरा आणला, आणि परत येताना जिन्याच्या वळणावर बसले. दारापासून सात पायऱ्या. आणि वरून हाक आली.

साळूऽऽ.

मी ऐकली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी ऐकली आणि मला पहिला विचार आला तो नियमाचा. जी जवळ असेल तिनं. ती जवळ होती, बाबांच्या दारापासून चार पावलांवर. ती कान मिटून झोपली आहे हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. त्या वयात एकाच वेळी दोन्ही जमतं. दुसरा विचार फर्म्याचा. वर गेले तर झग्यात सापडणार. दुसरी हाक आली, तोकडी. मग तिसरी. मग खालच्या मजल्यावरचं शिवणाचं मशीन सुरू झालं, आणि त्या आवाजात सगळं बुडालं. मी वर गेले तेव्हा बाबा खुर्चीतून अर्धे खाली आलेले होते, एक हात छातीवर, एक हात टेबलाच्या कडेला, आणि खळीचा डबा लवंडून खळ हळूहळू फरशीवर चालली होती. ती तशीच झोपली होती. उजव्या कुशीवर. मी आधी फर्मा अंथरुणांच्या गठ्ठ्यात सारला. मग तिला हलवलं.

संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या काकू सगळ्यांना सांगत होत्या, "तीनदा हाक मारली हो. साळू, साळू, साळू. माझा दोरा तुटला म्हणून मशीन थांबलं होतं, तेवढ्यात ऐकलं. म्हटलं पोरी आहेत घरात." आईनं मला विचारलं, "तू कुठं होतीस?" मी रीळ पुढं केलं. "दोरा आणायला." ते खोटं नव्हतं. रीळ खरं होतं, दोरा खरा होता. मग आई तिच्याकडे वळली. "आणि तू? चार पावलांवर? एवढी निगरगट्ट झोप कुणाला लागते गं? सोंग घेतलं होतंस ना, काम सांगतील म्हणून?" तिनं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं तेव्हा शपथेसारखं वाटलं. आता वाटतं, ती विचारत होती, सांगू? सोडवतेस का मला करंगळीतून? मी रिळाचं टोक शोधत होते. महिन्याभरानं मावशी तिला घेऊन गेली, चार दिवस म्हणून. आईला ती डोळ्यासमोर नको होती. ज्या भीतीनं आम्ही पट्ट्या बदलल्या, ती भीती अशी दुसऱ्याच दारानं घरात येऊन बसली. जिना उतरताना मी तिच्या डावीकडून चालत होते. खालच्या पायरीवर मावशीनं तिचा तोच हात धरला, आणि मला जागा राहिली नाही.

मी तिला काचेच्या खोलीत बसवलं. हेडफोन लावताना तिच्या कानामागची ती बारीक खोक दिसली, माझीच कैची लागलेली. "अगदी बारीक असला, असल्यासारखा नुसता वाटला, तरी दाब." ती म्हणाली, "नसलेला वाटला तर?" "तरी दाब. लोक दाबतात." दार फसकन बसलं.

उजवा कान. हळूहळू उतरत जाणारी टेकडी. खालचे स्वर ती ओळखत होती, वरचे नाही. पाखरं तिच्यासाठी केव्हाच गप्प झाली असणार, ही बाई दिवसभर झाडांत असते आणि झाडं तिला रिकामी वाटत असणार. दिवा लागत होता, विझत होता. मग डावा. डाव्याची तपासणी करताना चांगल्या कानात धबधब्यासारखा आवाज सोडावा लागतो, नाहीतर तो मदतीला धावतो. चांगला कान फार इमानी असतो, आपलं ऐकणंही शेजारच्याच्या नावावर करतो. मी आवाज वाढवत नेला. साठ. ऐंशी. शंभर. ती समोर बघत होती, तेच डोळे, रस्त्याला लागलेले. अंगठा बटणावर. दिवा लागला नाही. यंत्राची शेवटची खूण आली. एवढ्या आवाजानं माझा स्वतःचा कान फाटला असता. कागदावर मी डाव्या कानाच्या फुल्या मांडल्या, प्रत्येकीखाली बाण, म्हणजे आवाज संपला पण उत्तर आलं नाही. सव्वीस वर्षांत असे किती बाण काढले असतील. लोक विचारतात, तुम्ही या कामात कशा आलात? मी सांगते, अशीच, जाहिरात आली होती. कुणाचा तरी एक खरा कागद माझ्या हातून व्हावा म्हणून मी रोज इथं येते हे कुणाला सांगणार? आणि आज तो झाला. त्याचा उपयोग शून्य होता.

मी मायक्रोफोन सुरू केला. "डावा पूर्ण बंद आहे."

"ते मला माहीत आहे," आतून तिचा आवाज आला, लहान डबीत ठेवल्यासारखा. "कधीपासून ते तुझं मशीन सांगतं का?"

"नाही. त्याला फक्त आजचं कळतं."

"झाड बरं. कापलं की वर्षं तरी मोजता येतात." तिनं हेडफोन सारखा केला. "हा उजवा जायच्या आत मला ते ऐकायचंय. नंतर कुणी सांगितलं तर मला ते ओठांवरून वाचावं लागेल, नाहीतर कागदावर. मला वाचायचं नाहीये. ऐकायचंय."

"शब्दांची तपासणी राहिलीय," मी म्हटलं. हेही माझं तोंडच बोललं.

शब्दांच्या तपासणीला मी तोंडापुढं पुठ्ठा धरते, ओठ दिसू नयेत म्हणून. दुसरीकडे साधा कागद धरतात. माझा पुठ्ठा बाबांचा आहे, निळ्या कापडाचं कव्हर, आत पुस्तक नसलेलं. ज्या कादंबरीसाठी त्यांनी ते केलं होतं तिचा मालक सुटी पानं परत घेऊन गेला; एक फर्मा कमी होता, तो कुठं गेला कुणाला कळलं नाही. तो माझ्या कपाटात आहे. मी पुठ्ठा उचलला आणि तिच्या उजव्या कानात एकेक शब्द सोडायला लागले. दार. ती म्हणाली, "दार." माती. "माती." सुई. "तुळई?" पान. "पान." हाक. ती थांबली. हा शब्द यादीत पहिल्यापासून आहे, मी घातलेला नाही. "हाक," ती म्हणाली.

मग मी काय केलं ते सांगते. मी बटण फिरवून डावीकडे नेलं. उजव्या कानात धबधबा सोडला, पूर्ण. पुठ्ठा ओठांना टेकेल इतका जवळ घेतला. आणि त्या बंद कानात, ज्या कानात चव्वेचाळीस वर्षं काहीही गेलेलं नाही, मी म्हटलं, "बाबांची हाक मी ऐकली होती." बोलले. माझ्या तोंडातून ते शब्द बाहेर पडले आणि जगात कुठंही पोचले नाहीत. मला हलकं वाटलं. देवळात कुणी नसताना माफी मागून बाहेर यावं तसं. मला वाटलं, झालं. सांगितलं. तिनं ऐकलं नाही, त्याला मी काय करणार?

ती काचेतून बघत होती. धबधबा चालू असल्यामुळं ती जरा मोठ्यानं बोलली. "काहीतरी म्हणालीस."

मी आवाज बंद केला. "यादीतला शब्द."

"यादीतले शब्द म्हणताना तू श्वास घेत नाहीस. आत्ता घेतलास. पुठ्ठ्याची कड हलली." तिनं उजव्या हेडफोनवर बोट ठेवलं, मातीच्या नखाचं. "तो खाली ठेव. आणि इथं बोल."

मी पुठ्ठा खाली ठेवला. तो टेबलावरून घसरून पडला, तो उचलला, परत ठेवला. बटण उजवीकडे नेलं. किती मोठ्यानं बोललं की तिला नेमकं ऐकू येईल हे माझ्यासमोर आलेखात होतं. आपल्या बहिणीबद्दल इतकं नेमकं कुणालाच माहीत नसेल. मी काटा तिथं आणला.

"त्या कार्डावर माझे कान आहेत. दोन्ही वेळा मीच बसले होते."

हिरवा दिवा लागला. तिनं बटण दाबलं होतं. ऐकू आलं की दाबायचं, असं मीच सांगितलं होतं.

"तू उजव्या कुशीवर झोपली होतीस. मी वर आले तेव्हाही तशीच होतीस. तुला ऐकू येणं शक्यच नव्हतं. तुझ्याकडून काही चुकलं नाही."

दिवा पुन्हा लागला आणि लागलेलाच राहिला. तिनं डोळे मिटले होते. अंगठा बटणावर दाबलेला, पांढरा पडलेला. मी तो हिरवा ठिपका बघत बसले. मला वाटलं इथं थांबता येईल. तिला हवं होतं ते मिळालं. एवढ्यावर दार उघडावं, पाणी द्यावं, उजव्या कानासाठी मशीन कुठलं घ्यावं ते सांगावं. माझं बोट मायक्रोफोनच्या बटणाकडे गेलंसुद्धा.

दिवा विझला. तिनं डोळे उघडले.

"आई गेली त्या दिवशी," ती म्हणाली, "तिचा श्वास अडकत होता, तेव्हा तू काय बोललीस आठवतं? म्हणालीस, बाबांची तिसरी हाक अशीच अर्धी राहिली होती."

मला आठवलं. एका क्षणात, पलंगाच्या लोखंडी कडेसकट आठवलं.

"काकूंनी सांगितलं होतं, साळू, साळू, साळू. तीन पुऱ्या हाका. त्यांच्याइतकं चांगलं कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनीही अर्धी कधी म्हटलं नाही." ती सावकाश बोलत होती, प्रत्येक शब्द मला नीट ऐकू यावा म्हणून, जसं मी लोकांशी बोलते. "एकोणीस वर्षं मी तुला विचारणार होते. ती अर्धी होती हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी ऐकली. तीनही ऐकल्या."

दिव्याकडे माझं लक्ष होतं. तो लागला नाही. बटण तिच्या मांडीवर पडलं होतं.

"कुठून?"

"जिन्यातून. वळणावरच्या पायरीवरून."

"सात पायऱ्या," ती म्हणाली. तिनं मनात मोजल्या असाव्यात. बाहेर काउंटरवर फोन वाजत होता, कुणीतरी तो उचलला. तिनं हेडफोन उजव्या कानावर दोन्ही हातांनी दाबून धरला, शंख धरतात तसा. "मग आली का नाहीस?"

मला माहीत होती ती सगळी उत्तरं माझ्यापाशी तयार होती. एकोणचाळीस वर्षं घासून पुसून ठेवलेली. जी जवळ असेल तिनं यायचं, असा नियम होता. झग्यात फर्मा होता, बाबा रागावले असते. मी लहान होते. मला वाटलं तू उठलीस. मी तोंड उघडलं. ओठांपुढं आता काही नव्हतं, आणि ती बघत होती आणि ऐकत होती.

"वाचत होते," मी म्हटलं. "दोन पानं राहिली होती."